घरचं किती, कामाचं किती?

"बिल नको हो, राहू दे," ती काउंटरवर म्हणाली, आणि तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात अक्षरशः कळ आली.

आता कुणी म्हणेल, परक्या बाईनं बिल घेतलं नाही तर याच्या पोटात दुखायचं कारण काय? पण तो पडला करसल्लागार. लोकांच्या टॅक्सचे कागद भरून देणं हा त्याचा व्यवसाय, आणि व्यवसाय कसला, व्यसनच ते. बाहेर भुरभुर पाऊस चालू होता, तो छत्री विसरला होता, आणि स्टेपलरच्या पिनांची एक डबी हातात धरून बिचारा मुकाट उभा होता. पुढच्या बाईच्या टोपलीतून सामान निघतच होतं. जाडे खडू. धुतले की जाणारे रंग. बोथट टोकांच्या कात्र्या. ओल्या रुमालांची पाकिटं. टेबलाच्या कोपऱ्यांना चिकटवायचे रबराचे तुकडे. सगळ्यात शेवटी एक पिवळं रबरी बदक, आणि त्यावर हे "बिल नको"!

"बिल घ्या," त्याच्या तोंडून निघून गेलं.

ती मागे वळली. कानाजवळच्या केसांना निळा रंग लागलेला, डोळे मोठे, आणि त्या डोळ्यांत सरळ प्रश्न – तुम्ही कोण?

"नाही, म्हणजे... एवढं सामान काही घरच्यासाठी नसेल ना?"

"घरीच तर चाललंय."

"तुमची मुलं...?"

"माझं एकही नाही. दिवसभर असतात घरी, संध्याकाळी ज्याचं त्याला परत देऊन टाकते."

"पाळणाघर!" तो एवढ्या आनंदानं म्हणाला, की दुकानदारानंही मान वर केली. "तुमचं स्वतःचं? आणि तुम्ही बिलं टाकून देता? मग टॅक्स कसा भरता?"

"नीट भरते," ती जरा फणकाऱ्यानंच म्हणाली. "आईबाप जेवढे पैसे देतात, तेवढे सगळेच्या सगळे दाखवते. एक पैसा लपवत नाही."

"सगळे? खर्च वजा न करता?"

"खर्च कसला? खडू तर आहेत!"

त्यानं काउंटरला हात टेकला. आयुष्यात त्यानं टॅक्स चुकवणारे खूप पाहिले होते. हौसेनं जास्तीचा भरणारं माणूस मात्र पहिल्यांदाच बघत होता. "अहो, हे खडू, ही ओल्या रुमालांची पाकिटं, हे बदकसुद्धा – हा सगळा तुमच्या कामाचा खर्च आहे. मिळकतीतून तो वजा करायचा आणि उरेल त्यावर टॅक्स भरायचा. कायद्यानंच दिलंय ते तुम्हाला, उपकार नाहीत कुणाचे."

"बदकसुद्धा?"

"बदक तर नक्कीच."

ती हसली, आणि अशी हसली की त्याला पुढचं वाक्य आठवेना.

"द्यायचं का मग बिल?" दुकानदारानं विचारलं. "की आधी तुमचं ठरू दे?"

तिनं बिल घेतलं. त्यानं घाईघाईनं आपलं कार्ड पुढे केलं. तिनं ते वाचलं आणि भुवई उंचावली. "आणि तुमची फी हो? ती कोण भरणार?"

"ती पण खर्चात दाखवता येते."

"म्हणजे तुम्ही पण खर्चातच म्हणायचे!"

ती पिशव्या उचलून निघाली, तेव्हा त्याला तिच्या पाठीवर काहीतरी हिरवं दिसलं. बोलावं की नाही? ...शेवटी तो म्हणालाच, "अहो – तुमच्या पाठीवर बेडूक आहे. चिकटवलेला."

"हिरवा का?" तिनं वळूनही पाहिलं नाही. "मग मेजरचं काम. असू दे, उद्या सकाळी दिसला नाही तर रागावेल ती."

आणि पाठीवर बेडूक मिरवत ती भर पावसात चालती झाली. आपली पिनांची डबी काउंटरवरच राहिली, हे त्याला ऑफिसात पोचल्यावर कळलं.

तिचा फोन येईल असं काही त्याला वाटलं नव्हतं. चक्क आला. "दुपारी या," ती कुजबुजत म्हणाली, "झोपलेली असतात तेव्हा. बेल वाजवू नका. वाजवलीत तर तुमची माझी ओळख तिथंच संपली."

तळमजल्यावरचं घर होतं. त्यानं दारावर नखानं टकटक केलं, आणि दार उघडल्यावर आत पाऊल टाकून तो उभाच राहिला. बसायला खुर्च्या होत्या की! लाल, पिवळ्या, निळ्या – पण सगळ्या त्याच्या पोटरीएवढ्या.

"सोफा होता," ती हळूच म्हणाली. "एक हात मोडला, मग दुसरा मोडला, मग त्याची घसरगुंडी झाली. बसा ना, मोडत नाहीत त्या."

तो बसला. गुडघे कानाशी आले. मांडीवर फाइल ठेवायला गेला तर मांडीच उरली नव्हती. तिनं तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते ते काही लपलं नाही. आतल्या खोलीतून एवढ्यात एक कडक आवाज आला. "कोण आलंय?"

"झोप गं मेजर, कुणी नाही."

"कुणी नाही कसं? बूट आहेत."

मेजर ही तीन वर्षांची होती. तिच्याखेरीज दाणा दाणा टिपून जेवणारी चिमणी होती, आणि अजून पाय न फुटलेला, गोल गरगरीत गुंडू होता. त्यांना सांभाळणाऱ्या त्या बाईला ही सगळी 'माऊ' म्हणत, मावशीचं माऊ. मुलांचं ऐकून त्यांच्या आया माऊ म्हणायला लागल्या, मग गल्लीनं उचललं, आणि आता तिला दुसऱ्या नावानं हाक मारली तर तीच मागे वळून बघत नसे.

"एक सांगते तुम्हाला आधी," माऊ समोरच्या छोट्या खुर्चीत बसत म्हणाली. तिला त्या खुर्चीत बसायची इतकी सवय होती की ती अवघडलेली वाटतच नव्हती. "हे घर माझं आणि दादाचं, दोघांचं आहे. आईबाबांनी ठेवलेलं. दादा वेगळा राहतो, बायकामुलं आहेत, मोठं दुकान आहे. तो म्हणतो, हे पाळणाघर म्हणजे नुसती ढोरमेहनत, हातात काही उरत नाही. वर्ष संपेपर्यंत स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर ठीक, नाहीतर बंद कर, घर भाड्यानं देऊ आणि तू माझ्याकडे राहायला ये. माझ्या दुकानात बस."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" ती आतल्या खोलीकडे बघत राहिली. "मला दुसरं काही येत नाही हो. आणि हे मला फार छान येतं."

हे ती बढाई मारून म्हणाली नाही. भाजी आणायची आहे, अशा सुरात म्हणाली. त्याला तिचं ते म्हणणं एकदम आवडून गेलं.

मग कामाला सुरुवात झाली. त्याचा प्रश्न एकच, आणि तो प्रत्येक वस्तूला हात लावून विचारायचा. "हे घरचं किती, कामाचं किती?" नियमच तसा होता. निव्वळ कामासाठी घेतलेली वस्तू पूर्ण खर्चात धरायची. घरालाही लागते आणि कामालाही, तिचा फक्त कामाचा वाटा धरायचा.

"वॉशिंग मशीन?"

"मुलांच्या चादरी धुते. दुपटी, लाळेरी, पडदे..."

"आणि तुमचे कपडे?"

"ते काय, त्यातच कुठंतरी टाकते."

"फ्रिज?"

तिनं फ्रिज उघडून दाखवला. दुधाच्या बाटल्या, केळ्यांचा लगदा, चिमणीचं औषध, डब्यांवर मुलांची चित्रं. अगदी तळाला, कोपऱ्यात, एक सुकलेलं लिंबू.

"हे लिंबू माझं," ती म्हणाली.

"नक्की?"

"शप्पथ!"

"मग लिंबू घरचं," त्यानं गंभीरपणे लिहून घेतलं, आणि दोघंही आवाज न करता इतकी हसली की मेजर आतून ओरडली, "हसताय कशाला?"

एका दुपारीत काम होण्यासारखं होतं. तरी त्याला पुनःपुन्हा यावं लागलं. एकदा विजेची बिलं राहिली, एकदा फोनची, एकदा तर त्याचं पेनच राहिलं. पेन राहिलं की ठेवलं, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही म्हणून बरं. दुपारी येणारा माणूस हळूहळू झोपेच्या वेळेच्या पलीकडेही थांबायला लागला. मुलांनी त्याचं नाव 'बिलकाका' ठेवलं. मेजरनं त्याला एक पिवळी खुर्ची नेमून दिली आणि दुसरीवर बसला की उठवायला लागली.

आणि तो बघत राहिला. चिमणीला झोप लागते ती कानाची पाळी कुणीतरी चोळली तर, आणि मेजरला लागते ती 'झोपू नकोस हं' असं बजावलं तर, हे माऊला ठाऊक होतं. मुलं गोंधळ घालत असली की ती निवांत बटाटे सोलायची. घर शांत झालं रे झालं, की सुरी खाली ठेवून धावायची. "शांत आहेत म्हणजे काहीतरी चाललंय," ती म्हणायची, आणि खरोखरच काहीतरी चाललेलं असायचं. एकदा त्या काहीतरीमध्ये त्याची चप्पल होती. दूध मनगटावर टाकून बघताना ती क्षणभर डोळे मिटायची, आणि नेमका त्याच क्षणी तो हिशेबात चुकायचा.

"पुन्हा बेरीज चुकली वाटतं?" ती विचारायची.

"हो... म्हणजे, उजेड कमी आहे इथं."

"खिडकीत बसलायत तुम्ही."

असंच चाललं असतं कितीतरी दिवस. पण एका संध्याकाळी गुंडू उभा राहिला.

तो घसरगुंडी झालेल्या सोफ्याला धरून उभा होता. त्यानं सोफा सोडला. सगळ्यांकडे एकदा बघितलं, बिलकाकाच्या कानाशी आलेले गुडघे त्याला बहुधा फार आवडले, आणि तो निघाला. एक पाऊल... दुसरं... डुलला, सावरला, आणि थेट त्या गुडघ्यांवर येऊन आदळला. माऊनं टाळ्या वाजवल्या, गुंडूला उचलून गालांचे मुके घेतले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

तेवढ्यात गुंडूची आई आली. दमलेली, खांद्यावर ऑफिसची बॅग, चेहऱ्यावर उशीर झाल्याची अपराधी भावना. बिलकाका तर बातमी सांगायला पिवळ्या खुर्चीतून अर्धा उठलाच होता – अहो, चालला तो! – तर माऊनं त्याच्याकडे असं बघितलं की तो होता तसा खाली बसला.

"आज काय केलं माझ्या बाळानं?" आईनं विचारलं.

"खूप खेळला," माऊ म्हणाली. "आणि ऐका ना, आज-उद्यात पाऊल टाकेल असं वाटतंय मला. आज घरी गेल्यावर जरा जवळ बसा त्याच्या. फोन जवळ ठेवा, फोटो काढायला."

आईचा दमलेला चेहरा एकदम उजळला. गुंडूला घट्ट धरून ती जवळजवळ पळतच गेली.

दार बंद झालं. बिलकाका हळूच म्हणाला, "पण... चालला ना तो. आपल्यासमोर."

"चालला ना," माऊ जमिनीवरचे ठोकळे गोळा करत म्हणाली. "पण पहिलं पाऊल आईचं असतं. बिचारी दिवसभर बाहेर राबते, तिचं कशाला घ्यायचं आपण? ती रात्री फोन करेल बघा. माऊ, चालला गं, म्हणून ओरडेल. आणि मी पण ओरडणार, अय्या खरंच, म्हणून."

"असं किती जणांचं केलंत?"

"पहिलं पाऊल, पहिला दात, पहिलं 'आई'... सगळी आधी मलाच 'आई' म्हणतात हो. मी सांगत नाही कुणाला." आणि मग त्याच्याकडे न बघता, "तुम्हाला सांगितलं."

झालं. गुंडू उभा राहिला आणि हा गडी पडला. प्रेमातच पडला, साधासुधा नाही, साफ आडवा. घरी जाताना त्याला रस्ता दिसत नव्हता. घरात शिरला तर जेवणाच्या टेबलाभोवती चार मोठ्या खुर्च्या, आणि चारींवर लोकांच्या फायली. या खुर्च्यांवर कुणी बसलेलं त्याला आठवेना. त्या रात्री तो बराच वेळ उभ्याउभ्याच जेवला.

वर्ष संपत आलं तसा त्यानं तिचा सगळा हिशेब पूर्ण केला. आणि तो एवढ्या जिवापाड केला, की त्याच्याच ऑफिसातल्या माणसानं विचारलं, ही बाई कुणी मोठी गिऱ्हाईक आहे का? खर्च वजा केल्यावर टॅक्स निम्म्याच्याही खाली आला. हातात उरणारी रक्कम नीट दिसायला लागली. पाळणाघर स्वतःच्या पायावर उभं होतं, गेली कित्येक वर्षं उभं होतं, फक्त कुणी बघितलं नव्हतं.

रविवारी दादा आला. धिप्पाड, मिशीवाला, पण आवाज मऊ. त्यानं छोट्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि सरळ जमिनीवर बैठक मारली. बिलकाकानं फाइल उघडली आणि जो बोलत सुटला! हे खडू, ही वीज, हा पाण्याचा वाटा. तुमची बहीण म्हणजे काय साधी बाई आहे का साहेब, हिच्यासारखं काम करणारं माणूस मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत पाहिलं नाही! बोलता बोलता त्याचे कान लाल झाले. माऊ दारात उभी राहून ओढणीच्या टोकाची गुंडाळी करत होती, आणि तिचेही कान काही वेगळ्या रंगाचे नव्हते.

दादानं सगळं ऐकलं. आकडे बघितले, मान डोलावली. "मानलं तुम्हाला. पैशाचं माझं काही म्हणणं उरलं नाही." मग एका पानावर त्यानं बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"ते... पुढची खोली पूर्णपणे कामाची, असं धरलंय. त्यामुळे चांगली वजावट मिळते."

"पूर्णपणे?"

"म्हणजे, मुलं गेल्यावरही त्या इथंच खेळणी धुतात, चित्रं वाळवतात. रविवारीसुद्धा. त्यांची स्वतःची अशी वस्तू या खोलीत एकही नाही. मी नीट तपासलंय," तो अभिमानानं म्हणाला. "स्वयंपाकघरही बहुतेक कामाचंच. फ्रिजमध्ये फक्त एक लिंबू..."

आणि मग तो थांबला. आपण काय बोलून बसलो, हे त्याला तेव्हा कळलं.

"बघ," दादा बहिणीला म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "हा शिकलेला माणूस लिहून देतोय, सहीनिशी. या घरात माझी बहीण राहतच नाही म्हणून. अगं, पैशाचं तर मी निमित्त केलं होतं. दुसरं काही बोललो की तू हसण्यावारी नेतेस. आई गेल्यापासून तू एकदा तरी पाठ टेकून बसलीस का? बसायला खुर्ची आहे का तुझ्या घरात? बंद कर हे. चल माझ्याकडे. लोकांची पोरं सांभाळता सांभाळता तू कुठं गेलीस ते मला दिसेनासं झालंय."

माऊनं स्वयंपाकघराकडे बघितलं. लिंबू खरंच एकच होतं. महिन्याअखेर विचार करून सांग, असं म्हणून दादा गेला. करसल्लागारानं फाइल उचलली. दारात तो म्हणाला, "मला... मला असं म्हणायचं नव्हतं."

"खोटं कुठं लिहिलंत तुम्ही?" ती म्हणाली. हसली नाही. 'या परत' असंही म्हणाली नाही.

पुढचे दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. पाळणाघर वाचवायला गेला होता आणि स्वतःच्या हातानं दादाला पुरावा देऊन आला होता. फोन करावा, तर काय बोलावं? तुम्ही बंद करू नका म्हणावं, तर दादाचं म्हणणं त्यालाही पटत होतं. बंद करा म्हणावं, तर गुंडूच्या आईचा तो उजळलेला चेहरा समोर यायचा. एका संध्याकाळी टेबलाजवळच्या एका खुर्चीवरच्या फायली त्यानं उचलल्या, तिथं बसला, समोरच्या खुर्चीवरच्या फायलींकडे बघितलं, आणि 'गाढवा' असं स्वतःला मोठ्यानं म्हणाला. मला ती हवी आहे. एवढं साधं वाक्य, पण कुठल्याच हिशेबात ते त्यानं लिहिलं नव्हतं.

आणि महिना संपायच्या आत फोन आला.

"एक खर्च विचारायचा राहिलाय," माऊचा आवाज. कुजबुजता नव्हता, चांगला खणखणीत होता. "संध्याकाळी येता का? मुलं गेल्यावर."

अवकाळी पाऊस होता. छत्री तो याही वेळी विसरला. दार मेजरनं उघडलं, कारण तिच्या आईला उशीर झाला होता. "बिलकाका, बूट काढ," तिनं फर्मावलं. "आणि तिथं बसायचं नाही. मी पण नाही बसत. चिमणी पण नाही. ते माऊचं आहे."

त्यानं वर बघितलं. घसरगुंडीचा सोफा भिंतीच्या कडेला सरकला होता, आणि खिडकीपाशी, बाहेरचा पाऊस दिसेल अशा बेतानं, दोन खुर्च्या होत्या. मोठ्या माणसांच्या. रुंद हातांच्या, जाड गादीच्या, समोरासमोर मांडलेल्या.

तेवढ्यात मेजरची आई येऊन तिला घेऊन गेली, आणि जाता जाता मेजरनं पुन्हा एकदा बजावलं, "नाही बसायचं हं!" घर शांत झालं. माऊ धावली नाही. खिडकीपाशीच उभी राहिली. केसांना आज रंग नव्हता.

त्याच्या जिभेवर शंभर गोष्टी होत्या. पण घाबरलेला माणूस सवयीला धरून चालतो. "छान आहेत," तो म्हणाला. "घरचं किती, कामाचं किती?"

"तुम्ही सांगा."

"संध्याकाळी आईबाप मुलांना न्यायला येतात, ते बसत असतील तर थोडा वाटा कामाचा..."

"ते उभे राहतील."

"मुलांना गोष्ट सांगताना तुम्ही बसलात तर..."

"गोष्ट खाली सतरंजीवर सांगते मी. माहितीये तुम्हाला."

"मग कामाचं काहीच नाही?"

"काहीच नाही."

"बरं... तरीपण, बिल असू द्या जवळ. कुठंय बिल?"

"फेकलं."

"फेकलं?" तो जवळजवळ ओरडलाच. "दोन्हींचं?"

"दोन्हींचं. घरच्या वस्तूंची बिलं कशाला ठेवायची?" तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण खुर्चीची पाठ तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "पाळणाघर मी बंद करणार नाही. दादाला सांगितलं तसं. म्हटलं, तुझं खरं आहे, या घरात मी नव्हते. पण त्यावर उपाय म्हणून काम कशाला सोडू? इथं मी माझं घरच करते ना! त्यालाच घेऊन गेले दुकानात. खुर्च्या त्यानंच टेम्पोत घालून आणल्या, त्यानंच उचलून आत ठेवल्या."

"मग? काय म्हणाला तो?"

"म्हणाला, एक समजली मला. ती तुझी." तिनं समोरच्या खुर्चीकडे बघितलं. बाहेर पाऊस एका लयीत पडत होता. "पण दुसरी कुणाची? ...म्हटलं, विचारून सांगते."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. मग कळलेलं खरं आहे की नाही ते बघायला त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि तिनं नजर खाली घेतली नाही.

"विचारा ना मग," तो म्हणाला.

"विचारतेच आहे हो, केव्हाची!"

"माझ्याकडे... माझ्याकडे चार खुर्च्या आहेत. चारींवर फायली असतात," तो काहीतरीच बोलायला लागला. "तुम्ही दुकानात बिल नको म्हणालात ना, त्या दिवसापासून मला बेरीज येत नाही. मी पेन मुद्दाम ठेवून जायचो. आणि गुंडू चालला त्या दिवशी तर... मला तुम्ही फार आवडता, माऊ. पहिलं पाऊल मीच टाकायला हवं होतं. मला जमलं नाही."

"असू दे," ती म्हणाली. हसताना तिचे डोळे भरून आले. "आपण कुणाला सांगायचं नाही. तुम्हीच टाकलंत असं म्हणू."

मग ती तिच्या खुर्चीत बसली, पाठ टेकून. चांगली रेलूनच बसली. तो समोरच्या खुर्चीत बसला. गुडघे जागच्या जागी राहिले, पाय जमिनीला पुरले, आणि हात ठेवायला जागा मिळाली तर तो त्यानं पुढे केला. तिनं धरला. तिच्या मनगटाला दुधाचा वास येत होता. घर शांत होतं, आणि तरी काहीच मोडलं नाही.

"एक अडचण आहे मात्र," शेवटी तो म्हणाला. सवय जाते का कुठं? "पुढची खोली पूर्णपणे कामाची, असं मी लिहिलंय. आता तसं म्हणता येणार नाही. खिडकीचा हा भाग घरचा झाला. हिशेब बदलावा लागेल."

"म्हणजे?"

"वजावट कमी होईल. टॅक्स वाढेल तुमचा."

माऊनं त्याचा हात जरा आणखी घट्ट धरला आणि बाहेर पावसाकडे बघितलं.

"वाढू दे," ती म्हणाली.